नळीच्या मध्यावरची खूण

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. मीटरभर लांबीची रबरी नळी, तिची दोन टोके दोन कानांशी धरून डोळे मिटून बसलेला विद्यार्थी, नळीच्या मध्यावर शाईची खूण आणि पाठीमागून कोणीतरी नळीवर पेन्सिलीने हळूच केलेली टकटक, ती खुणेच्या डावीकडे झाली की उजवीकडे हे त्याने ओळखायचे, हे सारे तू इतके नेटके लिहिले आहेस की मी प्रयोग समोर पाहत असल्यासारखे वाटले. मात्र खुणेजवळ टकटक होताच मुलांची उत्तरे चुकू लागली, म्हणून 'प्रयोग फसला' असे जे तू लिहिलेस, ते मला मान्य नाही.

खुणेपासून एक सेंटिमीटर डावीकडे टकटक केली, तर आवाजाला डाव्या कानापर्यंत ४९ आणि उजव्या कानापर्यंत ५१ सेंटिमीटर जावे लागते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे हे दोन सेंटिमीटरचे अंतर तो सेकंदाच्या सतरा हजाराव्या भागात कापतो. डोळ्यांनी काही पाहून हात हलवायलासुद्धा आपल्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आणि तरीही एवढासा फरक तुमच्यापैकी बहुतेकांनी अचूक ओळखला! खुणेच्या किती जवळ आल्यावर उत्तरे डळमळू लागतात, ते अंतर मोजणे हाच या प्रयोगाचा निष्कर्ष आहे. तेव्हा चुकलेली उत्तरे खोडू नकोस. प्रत्येक जागी दहा-दहा वेळा टकटक करून किती बरोबर आली ते लिही.

खालच्या पट्टीतल्या आवाजाची दिशा दोन कानांपर्यंत पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून, आणि वरच्या पट्टीतल्या आवाजाची दिशा मुख्यतः डोके आडवे आल्यामुळे एका कानाला तो कमी ऐकू येतो त्यावरून कळते, असे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडले होते. नळीत आवाजाच्या वाटेत डोके येतच नाही, म्हणून तुमच्या प्रयोगात कामाला येतो तो प्रामुख्याने वेळेतला फरक.

आता तुझ्या पत्रातल्या त्या एका ओळीविषयी, जी वाचून मी बराच वेळ थांबले. टकटक कोठेही केली तरी एक मुलगा 'उजवीकडे' असेच सांगत राहिला, वर्ग हसला आणि त्याची उत्तरे तक्त्यातून वगळली गेली. मुक्ता, तुमच्या तक्त्यातली सर्वांत महत्त्वाची नोंद कदाचित तीच असेल. माझ्या डाव्या कानाला लहानपणापासून ऐकू येत नाही, हे तुला ठाऊक आहे. तू स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारतेस आणि मी आधी खिडकीकडे वळते, ते याचमुळे. हाक स्पष्ट ऐकू येते, पण ती कोठून आली हे सांगायला दुसरा कान साक्षीला नसतो. त्या नळीवर मीसुद्धा प्रत्येक वेळी 'उजवीकडे' हेच उत्तर दिले असते. शाळेत असताना बाई डावीकडून काही विचारत आणि मी उत्तर देत नसे, तेव्हा लक्ष नसल्याचा ठपका माझ्यावर येई. कान तपासावा हे कोणाला सुचेपर्यंत दोन वर्षे गेली होती.

अर्थात त्या मुलाच्या कानातच दोष आहे, असे लगेच ठरवू नये. कदाचित नळी डाव्या बाजूला कोठे दुमडली असेल. त्यासाठी नळीची टोके उलटसुलट करून पाहा: दोष नळीचा असेल तर त्याचे उत्तर 'डावीकडे' असे बदलेल, आणि तरीही 'उजवीकडे'च राहिले तर प्रश्न कानाचा असू शकतो. तोही फार मोठा असेलच असे नाही. कानात साचलेला मळ किंवा सर्दीने बसलेले दडे एवढेही कारण पुरते. ही चाचणी मधल्या सुट्टीत, त्याला विचारून, वर्गाचा घोळका नसताना करा. टोके कानात खुपसू नका आणि नळीत कोणी ओरडणार नाही, याकडे तू स्वतः लक्ष दे. उत्तर बदलले नाही तर ते फक्त तुमच्या विज्ञानाच्या बाईंच्या कानावर घाल, म्हणजे त्या त्याच्या घरी कळवतील आणि डॉक्टरांकडून कान तपासून घेता येईल.

तक्ता नव्याने लिहिशील तेव्हा त्या मुलाची पहिली उत्तरेही जशीच्या तशी लिही आणि एक प्रत मला पाठव. आणि तो डाव्या बाजूने बोलावल्यावर वळतो का, तेवढे मला आधी कळव.

तुझी,
आई