बाबा, दुसरं मशीन डबीतून काढा

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

काल फोनवर आई बोलता बोलता म्हणाली, "अगं, विश्रामबागच्या चौकात गाडी डावीकडून आली आणि हे उजवीकडे बघत उभे!" तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाहीये. बाबा, हॉर्न तुम्हाला ऐकू आला होता. तो कुठून आला, ते कळलं नाही. म्हणजे ऐकायचं एक मशीन कानात आणि दुसरं डबीत, असंच होतं ना?

ऐकायला एक कान पुरतो, पण दिशा कळायला दोन लागतात. डावीकडचा आवाज डाव्या कानात आधी पोचतो. उजव्या कानात तो किंचित उशिरा पोचतो, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी फरकाने. शिवाय मधे डोकं येतं, म्हणून पलीकडे तो जरा कमी ऐकू येतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू बाजू ओळखतो. एकच मशीन लावलंत तर मेंदूने ताडून बघायचं कशाशी?

इथे इंग्लंडमध्ये 'बेअर्स' नावाचा प्रकल्प आहे. दोन्ही कानांत कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून बसवलेलं ऐकण्याचं यंत्र, असलेल्या ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी त्यात व्हर्च्युअल रिॲलिटीचे, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून चहूबाजूंना आभासी जग दिसतं तसले, खेळ केलेत. इम्प्लांटमधून वेळेतला बारीक फरक मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळे या मुलांना मुख्यतः कमी-जास्त आवाजावरूनच दिशा शोधावी लागते. आमच्या क्लिनिकमध्ये असाच हेडसेट लावून सराव करणारा एक मुलगा मी पाहिला. आवाज मागून आला आणि तो डावीकडे वळला. चुकलं. मग थांबला, मान सावकाश इकडून तिकडे फिरवली आणि एकदम पाठीमागे वळला. आवाज जिथून येत होता, तिथेच त्याला चित्र दिसलं. त्याचा चेहरा असा काही फुलला, की मला तुमची आठवण आली.

लहान मुलांचं वेगळं, असं म्हणू नका. नेदरलँड्समध्ये मोठ्या माणसांच्या बाहेरच्या कानात साचे बसवून कानाचा आकारच बदलून पाहिला होता. तो अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. साचे बसवल्यावर आवाज वरून येतोय की खालून, ते त्यांना सांगता येईना. साचे तसेच ठेवले, आणि काही आठवड्यांत पुन्हा सांगता येऊ लागलं. मोठ्या माणसाचा मेंदूही नवीन कान शिकतो, बाबा. फक्त ते कान रोज लावलेले हवेत.

आई, तुझ्याकडे एक काम. संध्याकाळी यांना हॉलच्या मधोमध खुर्चीवर बसव, दोन्ही मशीनं लावून, डोळे मिटून. तू आवाज न करता जागा बदल आणि वाटीवर चमचा वाजव. यांनी हळू मान फिरवून बोट दाखवायचं आणि लगेच डोळे उघडून बघायचं. चुकलं तरी बघायचंच, कारण मेंदू त्या बघण्यातूनच शिकतो. दहा मिनिटं पुरे. हेडसेटमधल्या खेळाचं मर्म हेच आहे.

डावं मशीन शिट्टी मारतं म्हणून काढून ठेवलं असेल, तर ते नीट बसत नसणार. मी दादाला सांगितलंय, तो शनिवारी तुम्हाला घेऊन जाईल आणि बसवून आणेल. तोवर रस्ता ओलांडताना आईचा हात सोडू नका.

रविवारी व्हिडिओ कॉल करते. आधी दोन्ही कान दाखवायचे, मग बाकीच्या गप्पा.

तुमची,
सोनी