क्रीडामंत्री साहेब, डिफिब्रिलेटरच्या (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या यंत्राच्या) पेटीची किल्ली कुणाकडे असते?

मा. आंद्रेआ अबोदी साहेब,
क्रीडा आणि युवक मंत्री, इटली

साहेब, हे पत्र मराठीत लिहितोय कारण इटालियन मला बाजारहाट आणि ऑफिसपुरतंच येतं, आणि डोकं फिरलं की तेवढंपण येत नाही. पोरगा भाषांतर करून पाठवतो म्हणालाय, त्याने मधले चार शब्द गाळले तर समजून घ्या. मी मूळचा कोल्हापूरचा, आता बरीच वर्षं बर्गामोजवळ राहतो. कोल्हापूरचा म्हटल्यावर फुटबॉल आलाच, आमच्याकडे पेठापेठांच्या टीम असतात आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की अर्धं गाव कामाला दांडी मारतं. त्यामुळे मला मोठ्या स्टारपेक्षा खालच्या लीगमधला मधल्या फळीतला प्लेयर जास्त जवळचा वाटतो, बॉल काढून घ्यायचा, शेजारच्याला द्यायचा आणि परत पळायचं, पेपरात नाव नाही काही नाही.

असाच एक आमच्या बर्गामोचा पोरगा होता, पिएरमारियो मोरोसिनी. जन्म 1986 चा. इथल्याच आतालांता क्लबच्या ज्युनियर टीममध्ये तयार झाला, 2005 ला उदिनेसे क्लबने घेतला, आणि मग सुरू झाली क्लबांची वरात, बोलोन्या, विचेन्झा, रेज्जिना, पादोवा, परत विचेन्झा, आणि 2012 च्या जानेवारीत लिव्होर्नो, तेपण लोनवर, म्हणजे उसना. म्हणजे बदलीवरच्या मास्तरासारखं, पेटी उचलायची आणि पुढच्या गावाला. देशाच्या अंडर-21 टीमकडून खेळला, पण बरीचशी नोकरी सेरी बी मध्येच, म्हणजे दुसऱ्या नंबरच्या लीगमध्येच गेली. तो पोरगा असतानाच आईवडील गेले, नंतर भाऊपण गेला, मागे राहिली एक अपंग बहीण. एवढं सगळं घेऊन माणूस दर शनिवारी बूट घालून मैदानात उतरत होता.

14 एप्रिल 2012, पेस्काराच्या आद्रियातिको स्टेडियमवर पेस्कारा विरुद्ध लिव्होर्नो. लिव्होर्नो 2-0 ने पुढे. 31 वं मिनिट. मोरोसिनी पडला, उठायला गेला, परत पडला, परत उठायला गेला. तो व्हिडिओ मी एकदाच बघितलाय, परत बघायचं धाडस नाही. आणि अँब्युलन्स आत यायला निघाली तर गेटमध्ये म्युनिसिपल पोलिसांची गाडी आडवी लावलेली, माणूस गायब. शेवटी काच फोडून गाडी ढकलावी लागली. तो 25 वर्षांचा होता. त्या वीकेंडला देशभरातल्या मॅच पुढे ढकलल्या, लिव्होर्नोने त्याचा 25 नंबरचा शर्ट कायमचा बाजूला ठेवला, उदिनेसेचा कॅप्टन दी नाताले म्हणाला बहिणीचं आम्ही बघू. पोस्टमॉर्टममध्ये हृदयाच्या स्नायूचा आजार निघाला. डिफिब्रिलेटर मैदानावर होता, पण वापरलाच नाही. यावरून कोर्टात वर्षानुवर्षं चाललं, दोष कुणाचा यात मी पडत नाही, तो माझा विषय नाही.

माझा विषय तुम्ही आहात साहेब. कारण त्या दिवशी सेरी बी लीगचे अध्यक्ष तुम्हीच होतात. म्हणून हे पत्र दुसऱ्या कुणाला नाही, तुम्हालाच.

त्याच्या बरोबर चार आठवडे आधी लंडनमध्ये बोल्टन क्लबचा प्लेयर मुआंबा असाच मॅचमध्ये कोसळला होता. 78 मिनिटं हृदय बंद, तरी वाचला, कारण शॉक आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबत राहणं, थांबलेच नाहीत. शॉक मिळायला एक मिनिट उशीर झाला की वाचायची शक्यता साधारण दहा टक्क्यांनी खाली येते म्हणतात. बाकी तुमच्या देशाला नावं ठेवायची नाहीत मला, उलट 1982 पासून स्पर्धेत खेळणाऱ्याला ईसीजीशिवाय सर्टिफिकेट न देणारा देश हा, व्हेनेतो भागात त्यामुळे खेळाडूंचे अचानक मृत्यू 89 टक्क्यांनी कमी झाले असा अभ्यास आहे. पण मोरोसिनीपण दरवर्षी तपासण्या करूनच खेळत होता ना. चाळणी कितीही बारीक असली तरी एखादा दाणा सुटतो, त्याच्यासाठी ती पेटी.

मोरोसिनीनंतर वर्षभराने, एप्रिल 2013 मध्ये, हौशी क्लबांनापण डिफिब्रिलेटर सक्तीचा केला, मात्र अंमलबजावणी ढकलत ढकलत 2017 उजाडलं. मग 2021 ला युरो कपच्या मॅचमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन असाच पडला, दोन महिन्यांत नवा कायदा आला, ट्रेनिंग नसलेल्या माणसानेपण गरज पडली तर वापरावा म्हणून. कायदे चांगलेच आहेत हो. मी सांगतोय ते रविवारचं.

आमच्या पोरांची मॅच होती, गाव सांगत नाही. समोरच्या टीममधल्या एका पोराचे आजोबा बाकावर बसल्या बसल्या पांढरे पडले, घाम, बोलता येईना. मी पेटीकडे पळालो, मला माहीत होतं कुठे आहे, कॅन्टीनच्या भिंतीवर हिरवी पेटी, वर हार्टचं चित्र. कॅन्टीनचं शटर खाली. किल्ली ग्राउंडवाल्याकडे आणि ग्राउंडवाला जेवायला घरी गेलेला. बाहेर गेटवर आम्हा पालकांच्याच गाड्या, त्यात एक माझी, सांगायला लाज वाटते. आजोबांची शुगर खाली गेली होती, कुणीतरी कोक पाजला आणि दहा मिनिटांत ते रेफरीला शिव्या द्यायला लागले. सगळे हसले. मी नाही हसलो. नंतर शटर उघडलं तेव्हा पेटीत डोकावलो तर पॅडची तारीख उलटून गेलेली.

तर साहेब, नवीन कायदा नकोय. रेफरी मॅचच्या आधी पोरांचे बूट बघतो, खाली स्टड नीट आहेत का, नडग्यांना पॅड लावलेत का, कार्ड बघतो, मग ती पेटी लाइनजवळ आणून उघडून तारीख का नाही बघत? पेटी नसेल तर शिट्टी नाही, एवढंच. आणि गेटसमोर गाडी दिसली की मॅच थांबवायची, मग ती पोलिसांची असो नाहीतर माझी. आम्हा पालकांना सीझनच्या सुरुवातीला दोन तास बसवा, आम्ही येऊ, नाहीतरी प्रॅक्टिस संपेपर्यंत मोबाइलच बघत असतो.

उत्तर इटालियनमध्ये दिलं तरी चालेल. पुढच्या रविवारी साडेदहाला मॅच आहे, ग्राउंडवाल्याला किल्ली माझ्याकडे दे म्हणून सांगितलंय, तो म्हणाला क्लबच्या अध्यक्षांना विचारून सांगतो.

तुमचा,
बर्गामोजवळचा एक कोल्हापूरकर