आमच्या ग्रंथपाल मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

आपल्या महाविद्यालयाचा संख्याशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम गेल्या जूनमध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्यावर लेखक म्हणून माझे नाव आहे आणि आपले नाव आपण घालू दिले नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

अभ्यासक्रमासाठी इंटरनेटवरून जमवलेला मजकूर घेऊन मी ग्रंथालयात आलो, तेव्हा आपण पहिला प्रश्न विचारलात, "फुकट मिळाले हे ठीक, पण परवाना कोणता?" इंटरनेटवर जे दिसते ते वापरता येते, अशीच माझी समजूत होती. आपण वहीत शीर्षक, कर्ता, स्रोत आणि परवाना असे चार रकाने आखून दिलेत आणि ते भरताना अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या घटकाशी मी अडकलो. त्यातील प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत याच्या मापाच्या) टिपणात मी विकिपीडियाचे परिच्छेद आणि एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या खुल्या अभ्याससाहित्यातील स्पष्टीकरण एकजीव केले होते. दोन्हींना क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे ठरावीक अटींवर इतरांना वापराची मुभा देणारे, परवाने आहेत; पण पहिल्याच्या परवान्यात व्यावसायिक वापराला मुभा आहे, दुसऱ्याच्या परवान्यात मनाई. आणि रूपांतर मूळच्याच अटींवर द्यावे असे दोन्ही सांगतात, त्यामुळे दोन्हींचे मिळून एक टिपण करता येत नाही, हे आपण समजावलेत. शेजारी-शेजारी वेगळे ठेवले तर चालते, हेही सांगितलेत. दोन संध्याकाळी खर्चून ते टिपण उसवताना मी कुरकुरलो, हे कबूल करतो; पण त्या निमित्ताने लासलगावच्या कांद्याच्या भावावर बेतलेले माझे स्वतःचे उदाहरण तयार झाले.

एका इंग्रजी पुस्तिकेचा अनुवाद तर मी पूर्ण करून बसलो होतो. तिच्या परवान्यात रूपांतर प्रसृत करण्यास मनाई होती आणि अनुवाद हेही रूपांतरच, हे माझ्या गावीही नव्हते. लेखकाला पत्र लिहून लेखी परवानगी आपण मिळवलीत, म्हणून ती मेहनत वाचली.

शेवटचा वाद पीडीएफचा. मला पीडीएफच ठेवायची होती, कारण मांडणी बिघडू नये. "मग ते काचेचे बंद कपाट झाले, बघायचे आणि पुढे जायचे," असे म्हणून आपण संपादन करता येईल अशा फाइली ठेवायला लावल्यात. दिवाळीनंतर विदर्भातील एका शिक्षकांनी कांद्याच्या जागी कापसाचे भाव घालून तिसरा घटक परत पाठवला. सोबत एक चूकही दाखवली: नमुन्यावरून प्रमाण विचलन काढताना नमुनासंख्येतून एक वजा करून भागायला हवे होते, मी सरळ नमुनासंख्येनेच भागले होते. पीडीएफ असती तर ती चूक किती वर्षे तशीच शिकवली गेली असती, कोण जाणे.

दुसऱ्या आवृत्तीसाठी आपल्या तक्त्यात मी 'केलेला बदल' हा पाचवा रकाना जोडला आहे. त्यातील पहिली नोंद त्या शिक्षकांच्या दुरुस्तीची आहे. वही अजून माझ्याकडेच आहे. सोमवारी आणून देतो.

आपला कृतज्ञ,
संख्याशास्त्राचा एक शिक्षक