मंत्रीमहोदय, पोरांच्या ताटातलं अंडं परत द्या

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. शाळा चौथीपर्यंत, पट 62. घरी तीन एकर कोरडवाहू, मुलगी तिसरीत. आपला वेळ जास्त घेत नाही, एकच मागणं आहे. पोषण आहारातल्या अंड्याचा निधी 28 जानेवारी 2025 च्या शासन निर्णयानं बंद झाला, तो पुन्हा सुरू करावा.

एवढंच लिहून सही करणार होतो. पण 15 ऑगस्टला जे झालं ते पोटात ठेवता येत नाही.

अंडा पुलाव द्यायचा असेल तर समितीनं लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असं आपला निर्णय सांगतो. समिती म्हणजे इथं मी. म्हणून झेंडावंदन झाल्यावर वही घेऊन गावासमोर उभा राहिलो. हिशेब साधा होता. 57 पोरं अंडं खातात, 5 खात नाहीत, त्यांना केळं. आठवड्याला साधारण सव्वाचारशे रुपये. ज्याला जमेल त्यानं दहा-वीस लिहा म्हटलं. मागून आवाज आला, "श्रावणात अंड्याची वर्गणी मागतोस, लाज वाटत नाही?" आदल्या दिवशी शाळेला हजार रुपये कबूल केलेल्या एका गृहस्थांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "वह्या देतो, केळी देतो. अंड्याला छदाम देणार नाही. तुझ्या अंड्याचं पाप माझ्या माथी नको." काही जण हसले. बाकीच्यांनी खाली बघितलं. वहीत 340 रुपये जमले. त्यातले 50 आमच्या स्वयंपाकीण मावशींचे, ज्यांना तुमचं सरकार महिन्याला 2,500 रुपये मानधन देतं.

घरी येताना पोरीनं विचारलं, "बाबा, अंडं खाणं पाप असतं का? मी पहिलीत असताना खाल्लं होतं."

मी काय उत्तर द्यायला हवं होतं, साहेब? ती पहिलीत होती तेव्हा, नोव्हेंबर 2023 मध्ये, तुमच्याच विभागानं निर्णय काढला होता. आठवड्यातून एक अंडं, बुधवारी किंवा शुक्रवारी, 23 आठवडे, अंड्यामागे 5 रुपये. म्हणजे त्या वर्षी एका लेकरामागे 115 रुपये. शुक्रवारी शाळेचा पट भरायचा. तापातून उठलेलं पोरही त्या दिवशी दप्तर घेऊन यायचं. मावशी सालं काढायच्या आणि पोरं रांगेतनं वाकून बघायची, आपलं मोठं निघतंय का. जे सरकारनं स्वतः दिलं ते दीड वर्षात पाप कसं झालं? कुणीतरी ओरडलं, आपण घाबरलात, आणि बातम्यांनुसार वर्षाचे 50 कोटी वाचले. एवढ्याचसाठी ना?

माझ्या मुलीचं हिमोग्लोबिन मागच्या तपासणीत 8.4 निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, पालेभाजी, डाळ, अंडं, जे जमेल ते द्या, पण रोज द्या. घरी सहा कोंबड्या आहेत. मग अंड्यासाठी सरकारच्या तोंडाकडे का बघता, असं मला तालुक्याला एकानं विचारलं. कारण गावरान अंडं घरात खायचं नसतं, ते विकायचं असतं. त्यावर तेल-मीठ येतं. खुडूक कोंबडी डालग्याखाली बसली की आमच्या घरात चहाची साखर कमी होते. ज्यांनी अंडं कधी मोजून विकलं नाही त्यांना हे कळायचं नाही.

ही एकट्या माझ्या पोरीची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं खुरटलेली निघाली आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी. तीच पोरं आज शाळेच्या बाकांवर बसली आहेत. पोषण आहाराचा नियम सांगतो, पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे दिवसाचं निम्मं. केळ्यात जेमतेम एक ग्रॅम. आणि बी-12 हे जीवनसत्त्व केळ्यात नाहीच. तमिळनाडूत पोरांना आठवड्याला पाच अंडी मिळतात. आपल्याला एक जड झालं.

आता पाप-पुण्याचं. माझी आई माळकरी आहे. तीस वर्षं पंढरीची वारी केली, तोंडाला वशाट लावलं नाही. कंदुरीच्या, म्हणजे बकऱ्याच्या जेवणाच्या दिवशी ती देवळात जाऊन बसते, पण आम्हाला खाऊ नका असं एकदाही म्हणाली नाही. नातीचं रक्त कमी आहे कळल्यापासून ती स्वतःच्या हातानं, वेगळ्या पातेल्यात, तिला अंडं उकडून देते. मग हात धुते आणि हरिपाठाला बसते. जीव मारून खावं का, हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. आईकडे बघून मीही अनेकदा विचार करतो. पण तिनं माळ स्वतःच्या गळ्यात घातली, शाळेतल्या 62 पोरांच्या नाही.

तुमच्या विभागानं मात्र नेमकं तेच केलं. जानेवारी 2024 मध्ये नियम आला, 40 टक्के पालकांनी विरोध केला की त्या शाळेत अंडं नाही. म्हणजे आमच्याकडे उद्या 25 जणांनी हात वर केले तर उरलेल्या 37 लेकरांचं अंडं जाणार. हे कुठलं गणित? अंडं न खाणाऱ्यांना केळं मिळतच होतं. त्यांच्या ताटात कुणी अंडं टाकत नव्हतं.

त्याच 15 ऑगस्टला कल्याण-डोंबिवली, नागपूर, मालेगावात मांसविक्री बंद. 1988 चा जुना निर्णय दाखवून स्वातंत्र्यदिनी माणसानं काय विकत घ्यावं ते महापालिका ठरवते! आमच्या गावात श्रावणामुळे निम्म्याहून जास्त घरांत आधीच बंद होतं. कुणी आदेश काढला नव्हता. ज्याला पाळायचं तो पाळत होता, ज्याच्या घरी पाळत नाहीत त्याच्या चुलीत कुणी डोकावत नव्हतं. ही आमची रीत आहे, आणि ती तुमच्या परिपत्रकांपेक्षा जुनी आहे.

आणि जीवदया म्हणाल तर तीही भोगली. मार्च 2015 मध्ये बैलांच्या कत्तलीवर बंदीचा कायदा लागू झाला. त्यानंतर आमचा सर्जा म्हातारा झाला, औताला चालेना. कसायाला द्यायची माझीही इच्छा नव्हती, त्यानं माझ्या बापाचं रान नांगरलं होतं. पण बाजारात कुणी हात लावीना, आणि दोन उन्हाळे मी कडबा विकत आणून त्याला जगवला. दुसऱ्या उन्हाळ्यात बायकोच्या कानातलं मोडलं. कायदा करणाऱ्यांपैकी एका पेंढीचे पैसे कुणी दिले? परवा शुक्रवारी पोळा आहे आणि दावण रिकामी आहे. दुसरी जोडी घ्यायची ऐपत राहिली नाही. दया तुमची आणि खर्च आमचा, असं दहा वर्षं चाललंय. बैलाचं झालं, आता पोरांच्या ताटापर्यंत आलात. अंडं हवं तर गावात वर्गणी मागा, म्हणजे माझ्या लेकराची भूक आधी चार माणसांच्या पसंतीला उतरली पाहिजे!

मागणी वर लिहिली आहे. त्यात एक भर घाला, तो 40 टक्क्यांचा नियम रद्द करा.

हे पत्र लिहीत होतो तेव्हा आईनं श्रावणबाळ योजनेच्या पैशातले 100 रुपये वहीवर ठेवले आणि म्हणाली, "माझं नाव लिही, मोठ्या अक्षरात." वहीत आता 440 रुपये आहेत. पोळा झाल्यानंतरचा एक शुक्रवार भागला. त्याच्या पुढच्या शुक्रवारचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे.

आपला,
एक पालक आणि शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष
20 ऑगस्ट 2025