बीसीजीसाठी नवजात बाळाला ‘गुरुवारी या’ असे सांगू नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दोन-अडीच महिन्यांपूर्वी माझ्या पुतणीची इंदूरमधल्या एका रुग्णालयात प्रसूती झाली. बाळ दोन किलोचे, पण अंगावर चांगले पिणारे होते. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना बीसीजीचे विचारले, तेव्हा ‘एका बाळासाठी वायल फोडता येत नाही, गुरुवारी पाच-सहा मुले जमतात, तेव्हा घेऊन या’ असे उत्तर मिळाले. घरी आल्यावर सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही असे वडीलधाऱ्यांनी ठरवले आणि लस थेट एक्केचाळिसाव्या दिवशी टोचली गेली. मी अनेक वर्षे लसीकरणाच्या टेबलावर परिचारिका म्हणून काम केले आहे, म्हणून वायल, म्हणजे अनेक डोसांची कुपी, न फोडण्यामागची अडचण मला ठाऊक आहे. त्या गडद तपकिरी कुपीतली कोरडी लस सलाइनमध्ये एकदा कालवली की ती चार तासांतच संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते आणि वाया गेलेल्या डोसांचा हिशोब वर द्यावा लागतो. तरीही ही काटकसर चुकीच्या जागी होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बीसीजी क्षयासाठी, विशेषतः लहान मुलांना क्षयामुळे होणाऱ्या मेंदूज्वरापासून वाचवण्यासाठी दिली जाते, हे सर्वांना माहीत आहे. गेल्या दीड दशकात तिच्याविषयी आणखी एक गोष्ट उलगडली आहे. जंतू ओळखून लक्षात ठेवणे हे रक्तातील फक्त बी आणि टी या पांढऱ्या पेशींचे काम, आणि जन्मजात प्रतिकारशक्ती दर वेळी कोरी पाटी घेऊन लढते, असे आम्हाला शिकवले होते. नेदरलँड्समधील नायमेखन येथील मिहाई नेटेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या समजाला आव्हान देत ‘ट्रेन्ड इम्युनिटी’, म्हणजे प्रशिक्षित प्रतिकारशक्ती, ही संकल्पना मांडली. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने निरोगी प्रौढांना बीसीजी टोचली आणि तीन महिन्यांनी त्यांच्या रक्तातील मोनोसाइट, म्हणजे जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, तपासल्या. क्षयाशी काडीचाही संबंध नसलेली कँडिडा बुरशी किंवा स्टॅफिलोकोकस जंतू समोर येताच त्या पेशी पूर्वीपेक्षा अधिक जोमाने उत्तर देत होत्या.

ही आठवण कोणा एका जंतूची नसते. पेशीतील डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवर रासायनिक खुणा उमटतात आणि संरक्षणाची जनुके अर्धवट उघडी राहतात. साखर जाळण्याची पेशीची पद्धतही बदलते. मोनोसाइट रक्तात जेमतेम काही दिवस जगते, मग आठवण महिनोन्‌महिने टिकते कशी, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत त्याचे उत्तर मिळाले: बीसीजीची शिकवण अस्थिमज्जेतील मूळ पेशींपर्यंत पोचते, आणि तिथून घडणाऱ्या नव्या पेशी शिकूनच बाहेर पडतात.

आता बाळांकडे वळते. गिनी-बिसाऊ या आफ्रिकी देशात कमी वजनाच्या बाळांना जन्मतःच बीसीजी दिली, तेव्हा तीन चाचण्यांच्या एकत्रित हिशोबात पहिल्या महिन्यातील मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी आढळले, तेही मुख्यतः क्षयाखेरीज इतर संसर्गांचे. आपल्याकडे दक्षिण भारतात रशियन वाणाची (म्हणजे लशीतील जिवाणूच्या रशियन उपप्रकाराची) बीसीजी वापरून झालेल्या अशाच चाचण्यांत मात्र मृत्यू घटले नाहीत, हेही सांगितलेच पाहिजे. गिनी-बिसाऊत वापरलेला वाण डॅनिश होता. म्हणजे वाणागणिक फरक पडत असावा आणि त्याचा कसून शोध व्हायला हवा. कोविडच्या काळात आरोग्यसेवकांना बीसीजी देऊन पाहिली, तेव्हाही अपेक्षित संरक्षण मिळाले नाही. मोठ्या माणसांनी ‘ताकदीसाठी’ ही जिवंत लस टोचून घेण्याची कल्पना म्हणूनच मला धोक्याची वाटते. शिवाय ही स्मृती नेहमी हितकारकच असते असे नाही. चरबीयुक्त आहारावर चार आठवडे ठेवलेल्या उंदरांना पुन्हा साधे खाणे दिले, तरी त्यांच्या अस्थिमज्जेतील पेशी चटकन भडकण्याच्या तयारीतच राहिल्या, आणि रक्तवाहिन्या कठीण होण्याशी याचा संबंध जोडला जातो. दुसरीकडे मूत्राशयाच्या कर्करोगात १९७६ पासून वापरात असलेल्या बीसीजीच्या गुणात याच प्रशिक्षणाचा वाटा असावा, असे संशोधकांना वाटते.

यातले बरेच अजून प्रयोगशाळेत आहे, पण जन्मानंतर लगेच बीसीजी देण्यासाठी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण क्षयापासूनच्या संरक्षणासाठीही योग्य वेळ तीच आहे. ‘एक वर्षापर्यंत देता येते’ ही राहून गेलेल्या मुलांसाठी ठेवलेली सवलत आहे, तिला लांबणीवर टाकण्याचा परवाना समजू नये. डोस वाया जाणार असले तरी एका बाळासाठी वायल उघडावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच स्पष्ट म्हटले आहे. डाव्या दंडावर मसुरीच्या डाळीएवढा फुगवटा उठवायला परिचारिकेला मिनिटभरही लागत नाही.

माझी विनंती शहरातील सर्व सरकारी व खासगी प्रसूतिगृहांना आहे: बाळ धोक्याबाहेर असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर डिस्चार्ज कार्डावरील बीसीजीचा रकाना भरल्याशिवाय आईच्या हाती ते कार्ड देऊ नये.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
राजेंद्रनगर, इंदूर