सुतारकाका, तुम्ही आधी माझं काम पाहिलंत

काका,

स. न. वि. वि.

काम आटोपून तुम्ही निघालात तेव्हा "छान झालंय हो" एवढंच माझ्या तोंडून निघालं. हिशेब पुरा झाला, तुम्ही हत्यारांची पिशवी खांद्याला लावलीत आणि गेलात. तेव्हापासून या टेबलाशी बसले की वाटतं, बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण घरात कामाची जागा करून घेणाऱ्या कितीतरी जणांना तुमच्यासारखा माणूस भेटत नाही. मलाही आधी भेटला नव्हता.

तुमच्या आधी या खोलीत एक इंटिरिअरवाले येऊन गेले होते. त्यांचं नाव घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही. आल्या आल्या त्यांनी फोटो दाखवायला सुरुवात केली आणि विचारलं, "थीम कोणती हवी?" मी काम काय करते, कागदावर करते की स्क्रीनवर, सलग किती वेळ बसते, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. भिंतींची मापं मात्र इंचाइंचाने घेतली. मग पांढऱ्या चकचकीत सनमायक्याचं टेबल आलं. त्यावर ट्यूबचा उजेड पडला की डोळ्यांत घुसायचा. खिडकी पाठीमागे, त्यामुळे स्क्रीनवर अक्षरांच्या जागी खिडकीच दिसायची आणि व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा काळाठिक्कर. छताच्या कडेने पिवळे दिवे लपवलेले. त्या दिव्यांत खोलीचा फोटो सुंदर येतो, पण कागदावर उजेड पोचतच नाही. भिंतीवर त्यांनीच निवडलेल्या सुविचारांच्या फ्रेमा. खांदे भरून येतात म्हणून सांगितलं, तर उत्तर आलं, "मॅडम, सवय होईल. सगळ्यांना हेच देतो."

सगळ्यांना हेच देतात, हीच तर अडचण आहे. तयार टेबलं सर्रास तीस इंचांच्या आसपास उंच असतात. ती उंच माणसाच्या कोपराला बरोबर येतात. माझी उंची पाच फूट. खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात, खाली घेतली की खांदे कानांकडे जातात. अशा अवस्थेत दिवसभर बसायचं आणि संध्याकाळी मान धरली की ऐकायचं, "घरीच तर असतेस."

काका, मी प्रुफं वाचते हे तुम्हाला माहीत आहे. हे काम कोणाला दिसत नाही. पुस्तकात चूक राहिली तर मुद्रितशोधकाची आठवण होते. राहिली नाही तर असा कोणी माणूस मध्ये होता हेही कळत नाही. घरातल्यांना मी कागद चाळत बसलेली दिसते. मायेची माणसं आहेत सगळी, पण दार वाजलं तर उठायचं मीच, गॅसवाला आला तरी मीच, कारण मी 'मोकळी' असते. त्या खोलीत चालतं ते काम आहे, हे मला इतक्यांदा सांगावं लागलं होतं की सांगणंच मी सोडून दिलं होतं.

आणि मग तुम्ही आलात. टेप खिशातच ठेवलीत आणि म्हणालात, "ताई, तुम्ही तुमचं काम करा. मी नुसता बघतो."

मला संकोच वाटला. आपण काम करताना कोणी उभं राहून बघतंय, याची मला सवय नव्हती. पण एक प्रकरण हातात होतं, ते पुढ्यात ओढलं. तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून उभे होतात, कानावर पेन्सिल. तुमचा फोन वाजला, तो तुम्ही लगेच बंद केलात. कागदावरची ओळ, स्क्रीनवरची ओळ, पुन्हा कागद. कुठे रफार निसटलेला, कुठे अनुस्वार जादा. थोड्या वेळाने तुम्ही तिथे आहात हे मी विसरले. मान वर केली तेव्हा तुम्ही एका दमात म्हणालात, "डाव्या हाताने लिहिता. मान सारखी खाली डावीकडे जाते. पाय टेकत नाहीत. आणि अडलं की उजवीकडे बघता, तिथे भिंत आहे."

माझा गळा दाटून आला. तुम्हाला ते दिसू नये म्हणून मी कागद गोळा करायला लागले. अडलं की मी उजवीकडे बघते हे मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या कामाकडे इतकं लक्ष देऊन, काम म्हणून, आजवर कोणीच पाहिलं नव्हतं. टेबल पुढे कसंही झालं असतं तरी तुमचं हे उभं राहणं मी जन्मभर विसरले नसते.

टेबलही मनासारखं झालं. तुम्ही ते असं फिरवलंत की खिडकी उजव्या बाजूला आली. डावखुऱ्या माणसाला उजेड उजवीकडून हवा, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली अक्षरावर पडते. हे इतकं साधं, पण उभ्या आयुष्यात कोणी माझ्यासाठी केलं नव्हतं. खिडकी समोरही नाही, मागेही नाही, त्यामुळे स्क्रीनवरची चमक गेली. आणि अडलं की आता नजर थेट बाहेर, लांब जाते. डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद बघावं. ते मला कधी लक्षात राहायचं नाही. आता आपोआप होतं.

उंची तुम्ही टेबलाची ठरवलीच नाहीत. मला खुर्चीत बसवलंत, पाय जमिनीला टेकवायला लावलेत, हात कोपरात काटकोनात, आणि कोपराखाली पेन्सिलीची खूण केलीत. पंचवीस इंच भरली. मधला खण तुम्हीच रद्द केलात, "गुडघे अडतील" म्हणून, आणि तो डावीकडे नेलात, जिकडे माझा हात जातो. स्क्रीनशेजारी ती उतरती फळी केलीत, खाली बोटभर पट्टी लावून, म्हणजे कागद घसरत नाही आणि स्क्रीनच्या उंचीला राहतो. मानेचं दुखणं त्या फळीने थांबवलं. कागदावर काम करणाऱ्या प्रत्येकाने अशी फळी करून घ्यावी, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

वरचा सनमायका तुम्ही मॅट, म्हणजे न चमकणारा, घेतलात. उजेड मोजायला कुठलं यंत्र लावलं नाहीत, छापील पान टेबलावर ठेवून दिवा हलवत राहिलात आणि मला विचारत राहिलात, "आता? आता?" मी नंतर वाचलं की वाचन-लेखनाच्या जागी साधारण 500 लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड असावा असं मानतात. तो आकडा ठाऊक असलेल्यांनी मला अंधारात बसवलं होतं.

शेवटच्या दिवशीचं एक सांगते. तुम्ही टेबलाच्या पुढच्या कडेवरून तळहात फिरवलात, थांबलात, मला मनगट ठेवायला सांगितलंत. "टोचतंय?" मी म्हटलं, थोडं. खरं तर अगदीच थोडं, कोणीही सोडून दिलं असतं. तुम्ही रंधा काढलात, कडेची धार उतरवलीत, पॉलिश पेपर मारलात, पुन्हा मनगट ठेवायला लावलंत. पुन्हा पेपर. "नाही टोचत" असं मी म्हणेपर्यंत तुम्ही त्या कडेवरून हटला नाहीत.

आणि खिळे! शिशाचे ते जुने खिळे, म्हणजे छपाईसाठी जुळवायचे अक्षरांचे ठसे. मी ज्या छापखान्यात काम शिकले तो बंद झाला तेव्हा तिथे हे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी मला मूठभर दिले होते. इंटिरिअरवाल्यांनी त्यांना 'पसारा' म्हटलं आणि डब्यात घालायला लावलं. तुम्ही डबा उघडून एक खिळा उचललात, अंगठ्याने चाचपलात आणि विचारलंत, "अक्षर उलटं का?" मी तो शाईच्या पॅडवर टेकवून कागदावर उठवून दाखवला. सुलटा 'क्ष' बघून तुम्ही इतके हरखलात की मलाही नव्याने आनंद झाला. दुसऱ्या दिवशी फळीच्या काठाला तुम्ही बारीक खाचा पाडून आणल्यात, प्रत्येक खिळा उभा राहील एवढ्या. मी मागितल्या नव्हत्या. सुविचारांच्या फ्रेमा काढल्यावर भिंत रिकामी दिसत होती, तर म्हणालात, "घाई करू नका. राहा खोलीत थोडे दिवस, भिंतच सांगेल काय हवं ते." नुसती एक अरुंद पट्टी ठोकून दिलीत, वस्तू टेकवून ठेवायला आणि मनात येईल तेव्हा बदलायला. आज तिथे आईने विणलेला रुमाल आहे आणि माझ्या पहिल्या पुस्तकाचं लाल खुणांनी भरलेलं प्रूफ. ही खोली माझी आहे हे आता दारातून डोकावणाऱ्यालाही कळतं. घरातले दार लोटून आत येण्याआधी थांबतात, हा बदल कसा झाला ते मला सांगता येणार नाही, पण झालाय.

हल्ली मी माणसं यावरूनच ओळखायला लागले आहे. रिपोर्ट उघडण्याआधी "काय होतंय?" विचारणारे डॉक्टर, धडा सुरू करण्याआधी मुलांचे चेहरे बघणाऱ्या बाई, कापड फाडण्याआधी "कुठे घालणार?" विचारणारा शिंपी. अशी माणसं गाजावाजा करत नाहीत आणि त्यांना कोणी पुरस्कारही देत नाही. पण त्यांच्या हाताखालून गेलेली गोष्ट वर्षानुवर्षं सुख देते. तुमच्या हाताला असंच यश राहो.

आता एक काम आहे. लेकीच्या अभ्यासाचं टेबल करायचंय. ती उजव्या हाताने लिहिते, चित्रं काढताना टेबल सोडून जमिनीवर पसरते आणि भराभर उंच होतेय. टेबलाचे पाय वर-खाली करता येतील असं काही जमेल का, ते बघून सांगा. सवडीने या, पण तिची शाळा सुटल्यानंतरची वेळ धरा, म्हणजे ती अभ्यासाला बसलेली तुम्हाला बघता येईल.

तुमची,
डाव्या हाताने लिहिणारी ताई