सलाइन मोजून लावा

मा. संपादक, स. न. वि. वि.

पोट दुखलं की 'ॲसिडिटी असेल' म्हणत गोळी घ्यायची, ही आपल्याकडची घरोघरची रीत. ऐन गोडी छाटणीत माझ्या धाकट्या भावालाही आम्ही तीच दिली. दुखणं बेंबीच्या वर, थेट पाठीत जाणारं. पुढे वाकून बसला की जरा बरं वाटायचं. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात इंजेक्शन देऊन घरी धाडलं. पहाटे उलट्या थांबेनात, तेव्हा गाडीत घालून नाशिकला आणलं. रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाचा एक पाचक रस) भरमसाट वाढलेलं, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे. स्वादुपिंडाला तीव्र सूज होती आणि आमची एक रात्र वाया गेली होती.

त्या रात्रीचं मोल तिथल्या डॉक्टरांनी मला माझ्याच भाषेत समजावलं. "तुमच्या बागेत मेन लाइनला प्रेशर आहे, पण ड्रीपर चोक झालेत. वेल सुकणार की नाही?" या आजारात स्वादुपिंडाचे पाचक रस ग्रंथीतच जागे होतात. सूज भडकते, केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. उरलेलं रक्त दाट होतं, रेंगाळतं, बारीक गुठळ्या धरतं. बीपी ठीक दिसत असतानाही स्वादुपिंडाचा भाग उपाशी राहून मरू शकतो. भावाचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण, 51 आलं होतं; रक्त किती दाट झालंय ते यावरून कळतं. 44 च्या वर असलं आणि पहिल्या दिवसात उतरलं नाही, तर डॉक्टर सावध होतात.

मग आम्ही नातेवाईक काय करणार? "एकच बाटली? अजून लावा ना!" मीही तेच म्हणालो. डॉक्टरांनी ऐकलं नाही, हे आमचं नशीब. पूर्वी भरपूर सलाइन हाच उपाय मानत. 2022 साली 'वॉटरफॉल' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. 249 रुग्णांपैकी काहींना जोरात, काहींना बेताने आर.एल. (रिंगर लॅक्टेट, सलाइनचाच एक प्रकार) दिलं होतं. अंगात पाणी साचण्याचं प्रमाण जोरात दिलेल्यांत 20.5 टक्के, बेताने दिलेल्यांत 6.3 टक्के निघालं आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. दाखल होतानाच गंभीर असलेले रुग्ण तिच्यात नव्हते, हेही सांगायला हवं. पण पाझरणाऱ्या वाहिन्यांत ओतलेलं पाणी फुप्फुसांत आणि पोटात उतरतं, पोटातला दाब वाढतो आणि त्याच बारीक वाहिन्या बाहेरून दाबल्या जातात, हे आमच्यासारख्या ड्रीपवाल्याला लगेच पटतं.

त्या चाचणीतला बेताचा वेग म्हणजे किलोमागे तासाला 1.5 मिली; सत्तर किलोच्या माणसाला साधारण शंभर मिली. तोही डोळे मिटून चालू ठेवायचा नसतो. नर्सताई दर तासाला लघवीच्या पिशवीवरचा आकडा वाचायच्या आणि भावजय तो मुलाच्या शाळेच्या वहीत उतरवायची : 20, 25, 40 मिली. लघवी वाढतेय म्हणजे पाणी लागू पडतंय. त्या चाळिशीला आम्हाला जेवढा आनंद झाला, तेवढा बेदाण्याच्या भावाने कधी झाला नाही. तिसऱ्या दिवशी नाकातल्या नळीने अन्न सुरू केलं.

रक्त पातळ करणारी, वाहिन्या मोकळ्या करणारी औषधं बरीच तपासली गेली. हेपॅरिनचा त्यात मोठा भाग. पण खात्रीचं औषध म्हणून त्यातलं अजून एकही मान्य झालेलं नाही. म्हणजे वेळेवर निदान आणि मोजून पाणी, एवढंच हातात उरतं. त्याला महागडं यंत्र लागत नाही. पण भावाच्या त्या रात्री आमच्या तालुक्यात लायपेजची तपासणी कुठेही झाली नसती, लॅब सकाळी नऊला उघडणार होती.

वैद्यकीय शिक्षणाचं विद्यापीठ ज्या शहरात आहे, त्याच जिल्ह्यात सुरगाणा-पेठच्या माणसाला रात्री हा रक्ततपास मिळू नये? आरोग्य खात्याने ग्रामीण रुग्णालयांत लायपेज आणि हिमॅटोक्रिट चोवीस तास उपलब्ध करावं, ही विनंती आपल्या पत्रामार्फत पोहोचवावी.

– एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक